कॅनडात कोणतं काम कोणाकडे? नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी सरकारची ओळख

कॅनडात आल्यावर पहिल्या वर्षात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या दारात. हेल्थ कार्ड अडलं की लोक खासदाराला मेल करतात, पीआर (कायम रहिवासाचं) कार्ड रखडलं की प्रांताच्या आमदाराला फोन करतात आणि घरमालकाने बेकायदा भाडं वाढवलं की महापौरांना लिहितात. तिन्हीकडून नम्र उत्तर येतं, "हा विषय आमच्याकडे येत नाही." भारतातून आलेल्या माणसाला पंतप्रधान, मंत्रिमंडळ, अविश्वास ठराव हे सगळं लहानपणापासून माहीत असतं. चकवा होतो तो त्यामुळेच. सांगाडा ओळखीचा, पण अधिकारांची वाटणी वेगळी. म्हणून सुरुवात वाटणीपासून करावी.

पायरी १: विषय कोणाचा ते आधी ठरवा

कॅनडाची मूळ राज्यघटना म्हणजे १ जुलै १८६७ रोजी लागू झालेला ब्रिटिश संसदेचा कायदा. त्याचं कलम ९१ केंद्राचे विषय सांगतं, कलम ९२ प्रांतांचे. आपल्याकडच्या लांबलचक समवर्ती सूचीसारखं इथे जवळपास काही नाही. स्थलांतर आणि शेती हे कलम ९५ मधले दोन मोठे अपवाद. शिक्षण पूर्णपणे प्रांताकडे असल्याने केंद्रात शिक्षण मंत्रालयच नाही आणि सीबीएसईसारखं देशभराचं बोर्डही नाही. मुलगी सातवीत असताना अल्बर्टातून ऑन्टारियोत गेलात तर अभ्यासक्रम बदलणार, हे धरून चला.

दहा प्रांत आणि तीन टेरिटरी. प्रांतांचे अधिकार घटनेने दिलेले आहेत, टेरिटरींचे केंद्राच्या कायद्याने. रोजच्या कामांची विभागणी अशी:

केंद्र: पासपोर्ट, व्हिसा, पीआर, नागरिकत्व, सोशल इन्शुरन्स नंबर (नऊ आकडी, सर्व्हिस कॅनडाकडून फुकट), आयकर, बेरोजगारी विमा, बँका, फौजदारी कायदा, घटस्फोटाचा कायदा.

प्रांत: हेल्थ कार्ड, रुग्णालयं, शाळा आणि विद्यापीठं, ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचे वाद, किमान वेतन (केंद्राच्या अखत्यारीतले बँक, विमान, दूरसंचार असे उद्योग सोडून), विवाह नोंदणी, डॉक्टर-नर्स-इंजिनिअर यांच्या परवान्याचे कायदे.

महापालिका: कचरा, पाणी, रस्त्यावरचा बर्फ, पार्किंग, वाचनालय, शहर बस, बांधकाम परवाना. टोरंटो, कॅलगरी, एडमंटन, माँट्रियल अशा शहरांत ३११ हा एकच नंबर लावायचा.

काही विषय दोन्हीकडे पाय ठेवून असतात आणि लोक फसतात ते तिथेच. आरोग्यसेवा प्रांत चालवतो, पण केंद्राचा १९८४ चा कॅनडा हेल्थ अॅक्ट पैसे देताना अटी घालतो. त्यातली एक अट नव्या माणसाच्या थेट कामाची आहे: नव्या रहिवाशाला विमा लागू होण्याआधीची प्रतीक्षा तीन महिन्यांपेक्षा जास्त नसावी. तेवढ्या मर्यादेत प्रत्येक प्रांताचा नियम निराळा. ब्रिटिश कोलंबियात आलेला महिना संपेपर्यंतचे दिवस आणि त्यापुढे दोन महिने थांबावं लागतं. ऑन्टारियोने ही प्रतीक्षा मार्च २०२० पासून काढून टाकली. टोरंटोतल्या मित्राच्या सांगण्यावरून व्हँकूव्हरला जाणाऱ्याने विमा न घेता विमानात बसू नये. मधल्या काळासाठी खासगी विमा घ्या.

करांचंही तसंच. ऑन्टारियोत बिलावर १३ टक्के एचएसटी (एकत्रित विक्रीकर) लागतो, त्यात ५ केंद्राचे आणि ८ प्रांताचे. अल्बर्टात फक्त केंद्राचे ५. आयकराचं विवरणपत्र सगळीकडे एकच भरायचं, केंद्राचं खातं प्रांताचा वाटा त्यांना देतं. क्वेबेकमध्ये मात्र दोन वेगळी विवरणपत्रं भरावी लागतात आणि पहिल्या वर्षी दुसरं हमखास राहून जातं. मुलांसाठीचा चाइल्ड बेनिफिट करखात्याकडून येतो, शाळेकडून किंवा प्रांताच्या कार्यालयातून नाही. पीआर असाल तर आल्याबरोबर अर्ज करता येतो. वर्क किंवा स्टडी परमिटवर असाल तर सलग १८ महिने राहिल्यानंतर, आणि एकोणिसाव्या महिन्यात परमिट वैध असेल तरच.

लायसन्सबद्दल एक सूचना, कारण ही गोष्ट इथे आल्यावर दुरुस्त करणं महाग पडतं. ऑन्टारियोत भारतातला बारा महिन्यांपेक्षा जास्त अनुभव मोजून घ्यायचा असेल तर नुसतं लायसन्स दाखवून भागत नाही. लायसन्स देणाऱ्या आरटीओचं किंवा भारतीय वकिलातीचं लेखी पत्र लागतं. निघण्यापूर्वी आरटीओत एक चक्कर मारा.

पायरी २: महापालिका स्वतंत्र सरकार नाही हे लक्षात ठेवा

भारतात ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांना घटनेत जागा मिळाली. कॅनडात महापालिका पूर्णपणे प्रांताच्या हातात आहेत. याचं स्वच्छ उदाहरण २०१८ मधलं. टोरंटोची निवडणूक सुरू होती, उमेदवार प्रचार करत होते, आणि ऑन्टारियो सरकारने कायदा करून नगरसेवकांच्या जागा ४७ वरून २५ केल्या. शहर न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी प्रांताच्या बाजूने निकाल दिला.

व्यवहारात याचा अर्थ असा, की नगरसेवक "आमच्या हातात नाही" म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा खरं असतं. तुमच्या रस्त्यावर मोठ्या इमारतींना परवानगी, नव्या मेट्रोचा मार्ग, मालमत्ता कराच्या मूल्यांकनाची पद्धत, या गोष्टींत शेवटचा शब्द प्रांताचा असतो. तक्रार दोघांना पाठवा: नगरसेवकाला आणि प्रांताच्या आमदाराला. आमदाराला ऑन्टारियोत एमपीपी, क्वेबेकमध्ये एमएनए, न्यूफाउंडलंडमध्ये एमएचए आणि इतरत्र एमएलए म्हणतात.

पायरी ३: सरकार कशावर टिकतं ते समजून घ्या

हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ३४३ खासदार आहेत, म्हणजे बहुमताचा आकडा १७२. सिनेटमध्ये १०५ सदस्य. ते निवडून येत नाहीत, पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि ७५ व्या वर्षी निवृत्त होतात. राजाच्या वतीने गव्हर्नर जनरल सही करतात. पंतप्रधानांना मतदार थेट निवडत नाहीत. ज्याच्या मागे कॉमन्सचा विश्वास, तो पंतप्रधान.

२०२५ मध्ये हे सगळं एकाच वर्षात पाहायला मिळालं. ६ जानेवारीला जस्टिन ट्रूडो यांनी राजीनाम्याची घोषणा केली आणि संसदेचं अधिवेशन २४ मार्चपर्यंत संस्थगित झालं. ९ मार्चला लिबरल पक्षाने मार्क कार्नी यांना नेता निवडलं आणि १४ मार्चला ते पंतप्रधान झाले. त्या दिवशी ते खासदार नव्हते, कधीही नव्हते. भारतात अशा मंत्र्याला सहा महिन्यांची मुदत घटनेतच दिली आहे. इथे लेखी मुदत नाही, लवकर निवडून यावं हा संकेत आहे. २८ एप्रिलच्या निवडणुकीत लिबरल पक्षाला १६९ जागा मिळाल्या, बहुमताला तीन कमी. नोव्हेंबरमध्ये अर्थसंकल्प १७० विरुद्ध १६८ मतांनी तरला. तो पडला असता तर देश त्याच वर्षी दुसऱ्यांदा मतदानाला गेला असता.

हे भय काल्पनिक नाही. १३ डिसेंबर १९७९ रोजी जो क्लार्क यांचं सरकार अर्थसंकल्पावर १३३ विरुद्ध १३९ मतांनी पडलं. ते सत्तेवर येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. २००५ च्या मे महिन्यात पॉल मार्टिन यांचं सरकार बरोबर १५२ विरुद्ध १५२ वर अडकलं आणि सभापती पीटर मिलिकेन यांच्या निर्णायक मतावर वाचलं. त्याच्या दोन दिवस आधी विरोधी बाकांवरच्या बेलिंडा स्ट्रॉनाक पक्ष सोडून थेट मंत्रिमंडळात दाखल झाल्या होत्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे लगेच अपात्रतेचा प्रश्न पडेल. कॅनडाच्या संसदेत पक्षांतरबंदी कायदा नाही. खासदार बाक बदलतो, जागा त्याचीच राहते. व्हिप मोडला तर पक्ष कारवाई करतो, खासदारकी जात नाही.

कॅनडात गेल्या काही दशकांत अल्पमतातली सरकारं नेहमीची झाली आहेत: २००४, २००६, २००८, २०१९, २०२१, २०२५. औपचारिक आघाडी मात्र केंद्रात सहसा होत नाही. मार्च २०२२ मध्ये लिबरल आणि एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) यांनी केला तसा बाहेरून पाठिंब्याचा करार होतो, मंत्रिपदं वाटली जात नाहीत. तो करार सप्टेंबर २०२४ मध्ये मोडला, पण केंद्राची दंतचिकित्सा योजना त्यातूनच आली. म्हणून योजनांच्या बातम्या वाचताना सत्ताधारी कोण एवढंच पाहू नका, पाठिंबा कोणाचा आणि कशाच्या बदल्यात तेही पाहा.

पायरी ४: घोषणा, विधेयक, कायदा आणि नियम वेगळे ओळखा

घोषणेवर विसंबून घेतलेला निर्णय किती महागात जाऊ शकतो, याचं उदाहरण भांडवली नफ्यावरचा कर. एप्रिल २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं की नफ्याचा करपात्र हिस्सा निम्म्यावरून दोनतृतीयांश होईल. व्यक्तींसाठी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वरच्या नफ्यावर, २५ जून २०२४ पासून. त्या तारखेपूर्वी अनेकांनी घरं आणि शेअर घाईने विकले. पण कायदा संसदेत कधी मंजूरच झाला नाही. अधिवेशन संस्थगित झालं आणि २१ मार्च २०२५ रोजी प्रस्तावच रद्द केल्याचं जाहीर झालं. विकलेलं घर परत येत नाही.

याउलट ग्राहकांवरचा कार्बन कर. कार्नी यांनी शपथ घेतली त्याच दिवशी मंत्रिमंडळाच्या आदेशाने तो शून्य करण्याचं ठरलं आणि १ एप्रिल २०२५ पासून पेट्रोलच्या बिलातून गेला. संसद तेव्हा बसलीही नव्हती. मूळ कायद्याने दर ठरवायचा अधिकार मंत्रिमंडळाला दिलेला असल्यामुळे हे जमलं.

व्हॉट्सअॅपवर "नवा इमिग्रेशन कायदा आला" असं दिसलं तर या क्रमाने तपासा. विधेयकाचा क्रमांक काय? सी ने सुरू होणारं कॉमन्समधलं, एस ने सुरू होणारं सिनेटमधलं. कोणत्या वाचनावर आहे? पहिलं वाचन म्हणजे फक्त मांडलं गेलं, चर्चाही झालेली नाही. त्यानंतर दुसरं वाचन, समिती, तिसरं वाचन, मग हेच सगळं दुसऱ्या सभागृहात, आणि शेवटी रॉयल असेंट, म्हणजे राजाच्या वतीने संमती. असेंट मिळाल्यावरही काही कलमं "आदेशाने ठरेल त्या दिवशी" लागू होतात. सगळे टप्पे संसदेच्या लेजिसइन्फो या संकेतस्थळावर फुकट दिसतात. आणि अधिवेशन संस्थगित झालं की सरकारची अपुरी विधेयकं मरतात. नव्या अधिवेशनात पुन्हा आणावी लागतात. इमिग्रेशनमध्ये मात्र बरेच बदल मंत्र्यांच्या सूचनेने किंवा नियमाने होतात, त्यांना विधेयक लागत नाही. म्हणून विधेयक सापडलं नाही याचा अर्थ बातमी खोटी असाही घेऊ नका. मंत्रालयाच्या पानावर तारखेसह सूचना आहे का पाहा.

पायरी ५: १९८२ आणि क्वेबेक

१७ एप्रिल १९८२ रोजी ओटावात राणी एलिझाबेथ यांनी सही केली आणि राज्यघटना बदलण्याचा अधिकार लंडनहून कॅनडात आला. पंतप्रधान होते पिएर ट्रूडो. त्याच दिवशी मूलभूत हक्कांची सनद, म्हणजे चार्टर, लागू झाली. क्वेबेकच्या सरकारने संमती दिली नाही, आणि ती जखम भरण्याचे दोन मोठे प्रयत्न फसले. मीच लेक करार जून १९९० मध्ये मुदत संपून गेला. शार्लटटाऊन करार ऑक्टोबर १९९२ च्या सार्वमतात पडला. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी क्वेबेकने वेगळं व्हावं का यावर मतदान झालं. "नाही" ५०.५८ टक्के, "हो" ४९.४२. फरक सुमारे ५४ हजार मतांचा. आजही कोणताही पंतप्रधान घटनादुरुस्तीचं नाव सहज काढत नाही, त्याचं कारण हे आहे.

नवागताला याची झळ चार्टरच्या कलम ३३ मुळे लागते. संसद किंवा प्रांताचं विधिमंडळ या कलमाचा आधार घेऊन कलम २ आणि ७ ते १५ मधल्या हक्कांना डावलून कायदा टिकवू शकतं, एका वेळी पाच वर्षांसाठी. क्वेबेकने २०१९ मध्ये सरकारी शिक्षकांसह काही कर्मचाऱ्यांना कामावर धार्मिक चिन्हं घालायला बंदी करताना हेच कलम वापरलं. शिक्षिका म्हणून माँट्रियलला जाऊ पाहणाऱ्या कोणालाही हे आधी माहीत असायला हवं. तसंच, १९७७ च्या भाषा कायद्याप्रमाणे स्थलांतरितांची मुलं क्वेबेकच्या सरकारी शाळेत साधारणपणे फ्रेंचमधूनच शिकतात. आईवडील पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकले होते, हा आधार चालत नाही.

पायरी ६: नागरिक नसताना काय करता येतं

बरंच काही. तुमचा खासदार कोण हे पोस्टल कोड टाकून संसदेच्या संकेतस्थळावर सापडतं. तो तुम्ही मत दिलं की नाही हे पाहत नाही; त्याच्या मतदारसंघात, म्हणजे रायडिंगमध्ये, राहता एवढं पुरे. ओळख काढायची, कोणाकरवी शब्द टाकायची गरज नाही. स्थानिक कार्यालयात अडलेल्या इमिग्रेशन अर्जांची प्रकरणं पाहणारे कर्मचारी असतात. त्यांना पहिल्याच मेलमध्ये हे द्या: पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, यूसीआय (इमिग्रेशन मंत्रालयाने तुम्हाला दिलेला ओळख) क्रमांक, अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, आणि प्रकरण एका परिच्छेदात. सोबत सही केलेलं संमतीपत्र. ते नसेल तर मंत्रालय त्यांच्याशी तुमच्या फाइलबद्दल बोलत नाही.

मेल वाया जातो तो तीन कारणांनी. मंत्रालयाने जाहीर केलेला कालावधी अजून उलटलेला नसतो. किंवा एकच पत्र दहा खासदारांना पाठवलेलं असतं, आणि ते सगळे ते तुमच्या खासदाराकडे वळवतात. किंवा आईवडील सांगलीत आणि अर्ज त्यांचा, म्हणून कोणाला लिहायचं हेच कळत नाही. इथे राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आपल्या खासदाराला लिहावं. खासदार फाइल कुठे अडली ते विचारू शकतो. निर्णय बदलायला लावू शकत नाही.

फाइलमध्ये काय लिहिलं आहे ते स्वतः पाहायचं असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क ५ डॉलर, मुदत ३० दिवस, पण मुदतवाढ नेहमी होते. अर्ज नाकारला गेला असेल तर पुन्हा पैसे भरून तोच अर्ज करण्याआधी अधिकाऱ्याच्या नोंदी मागवा. नकारपत्रात दोन ओळी असतात, खरं कारण नोंदीत सापडतं.

कॅनडात राहणारा कोणीही कॉमन्सच्या याचिकेवर सही करू शकतो. ऑनलाइन याचिकेला सुरुवातीला पाच पाठीराखे आणि एका खासदाराची मान्यता लागते, मग ५०० सह्या. कागदी याचिकेला २५ च पुरतात. सभागृहात मांडली गेली की सरकारला ४५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. खासगी संकेतस्थळांवरच्या लाखभर सह्यांना असं उत्तर मिळण्याचा हक्क नाही. मंडळात सह्या गोळा करायच्या तर कागदी याचिकाच करा.

पीआर असाल तर केंद्रीय पक्षांना देणगी देता येते. परमिटवर असाल तर नाही. कंपनी किंवा कामगार संघटना देऊ शकत नाही, म्हणून आपल्या दुकानाच्या खात्यातून चेक फाडू नका. २०२५ मध्ये एका पक्षाला वर्षाची मर्यादा १,७५० डॉलर होती, ती दरवर्षी २५ ने वाढते. रोख २० डॉलरपेक्षा जास्त देऊ नये. पहिल्या ४०० डॉलरवर ७५ टक्के कर सवलत मिळते, म्हणजे ४०० दिले तर करातून ३०० कमी होतात, अर्थात तेवढा कर बसत असेल तर.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. आयकराच्या विवरणपत्रात "तुम्ही कॅनडाचे नागरिक आहात का" आणि "माहिती इलेक्शन्स कॅनडाला द्यावी का" असे प्रश्न असतात. पीआरधारकाने घाईत "हो" टिक केलं तर नाव मतदार यादीत जाऊ शकतं आणि घरी मतदार कार्ड येऊ शकतं. कार्ड आलं म्हणून हक्क येत नाही. मतदान करू नका, इलेक्शन्स कॅनडाला फोन करून नाव काढून घ्या. तोवर भारतातला तुमचा मताधिकार शाबूत आहे. फॉर्म ६ए भरून अनिवासी मतदार म्हणून नोंदता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं.

पायरी ७: नागरिकत्व आणि पहिलं मत

अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष हजर असावं लागतं. पीआरपूर्वीचे दिवस अर्धे धरले जातात, जास्तीत जास्त ३६५. १८ ते ५४ वयाच्यांना २० प्रश्नांची चाचणी, १५ बरोबर हवेत. गणित अगदी १,०९५ वर आणून अर्ज करू नका; एखादी विसरलेली अमेरिका-फेरी अर्ज परत यायला पुरते. शपथेनंतर भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट जमा करून ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं, आणि भारतातलं मतही थांबतं.

हे मत इथे आपल्याला सहज मिळालेलं नाही. ब्रिटिश कोलंबियाने १९०७ मध्ये दक्षिण आशियाई लोकांचा मताधिकार काढून घेतला, १९१४ मध्ये भारतीय प्रवाशांचं कोमागाटा मारू जहाज व्हँकूव्हरहून परत पाठवलं गेलं, आणि हक्क परत मिळाला तो १९४७ मध्ये. इथल्या मूळ रहिवाशांना तर आपला कायदेशीर दर्जा न सोडता केंद्रात मत द्यायला १९६० पर्यंत थांबावं लागलं.

केंद्राचं मतदान सोमवारी होतं. कायद्याने ठरलेली पुढची तारीख १५ ऑक्टोबर २०२९, पण सरकार आधी पडलं तर आधी. नाव यादीत नसेल तर केंद्रावरच नोंदणी होते. फोटो आणि पत्ता असलेलं लायसन्स एकटं चालतं. भारतीय पद्धतीने फक्त ओळखपत्र नेलं आणि त्यावर पत्ता नसला तर अडचण होते, तेव्हा वीजबिल किंवा बँकेचा कागद सोबत ठेवा. तेही नसेल तर त्याच भागातला मतदार तुमच्यासाठी लेखी हमी देऊ शकतो, मात्र एक जण एकाचीच. नोकरीवर असाल तर मतदानाच्या वेळेत सलग तीन तास मोकळे मिळण्याचा हक्क आहे.

आत ईव्हीएम नाही, बोटाला शाई नाही, चिन्हं नाहीत, नोटा नाही. कागदाची मतपत्रिका, त्यावर आडनावांच्या क्रमाने उमेदवार, खाली पक्षाचं नाव. नावापुढच्या वर्तुळात पेन्सिलीने फुली करायची, टिकही चालते. दोन वर्तुळांत खूण झाली किंवा कुठे सही केली तर मत बाद. घडी घालून पत्रिका अधिकाऱ्याकडे द्यायची, तो क्रमांकाची कडा फाडून परत देतो, मग पेटीत तुम्ही टाकायची. २०२५ मध्ये ओटावाजवळच्या कार्लटनमध्ये निषेध म्हणून ९१ उमेदवार उभे राहिले आणि पत्रिका जवळपास मीटरभर लांब झाली. त्याच वर्षी अल्बर्टातल्या बॅटल रिव्हर-क्रोफूटच्या पोटनिवडणुकीत २१४ उमेदवार होते, तेव्हा कोरी रेघ देऊन मतदारांना उमेदवाराचं नाव लिहायला सांगितलं गेलं.

टपालाने मत द्यायचं असेल तर अर्जाची शेवटची वेळ मतदानाच्या आधीचा मंगळवार, संध्याकाळी सहा, आणि मत वेळेत पोचायला हवं. क्वेबेकमधल्या टेरबॉनमध्ये २०२५ ला फेरमोजणीनंतर निकाल एका मताने लागला. एका मतदाराचं टपाली मत तिच्याकडे परत आलं होतं, कारण परतीच्या पाकिटावर छापलेला पोस्टल कोड चुकला होता. वाद पुढे न्यायालयात गेला. त्यामुळे शक्य असेल तर टपालावर न राहता आगाऊ मतदानाच्या चार दिवसांपैकी एका दिवशी, शुक्रवार ते सोमवार, स्वतः जाऊन मत द्या. प्रांताच्या आणि महापालिकेच्या याद्या वेगळ्या असतात. केंद्राच्या यादीत नाव आहे म्हणून तिथेही असेलच असं धरू नका, घर बदललं की तिन्हीकडे तपासा.